वरनं काढलेल्या फोटोवरून जमिनीचा नकाशा करायचाय? आधी उसाचं वेळापत्रक पाठ करा

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा फेब्रुवारीतल्या फोटोवर करवीर तालुक्यात, कुंभीच्या काठाला, मला अकरा तळी सापडली होती. चौकोनी, काळी कुळकुळीत, कडा एकदम सरळ. म्हटलं शेततळी असणार, दिली निळ्या रंगात रंगवून आणि वर मनात खूश, की बघा किती बारीक काम केलंय आपण. दोन आठवड्यांनी पडताळणीला गाडी काढून गेलो तर तळ्याच्या जागी रान आणि बांधावर एक आजोबा बसलेले. "पाव्हणं, काय हुडकताय?" मी मोबाइलवरचा नकाशा पुढं केला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हितं कुठलं तळं? ऊस गेला आन् पाचट पेटवलं, त्ये हाय त्ये." अकरापैकी नऊ तळी अशी जळक्या पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची निघाली. एक खरंच शेततळं होतं, आणि एक वीटभट्टीसाठी माती काढलेला खड्डा.

तेव्हापासून कोणी विचारलं की एरिअल फोटोवरून लँड कव्हरचा नकाशा कसा करायचा, कुठलं सॉफ्टवेअर, कुठला ड्रोन, तर मी आधी उसाबद्दलच बोलायला लागतो आणि समोरचा वैतागतो. पण खरंच तसं आहे. फोटोत त्या दिवशी रानावर काय होतं एवढंच दिसतं, ते रान वर्षभर काय असतं हे तुम्हाला बाहेरनं माहिती पाहिजे. हे एका गावाला लागू आहे तसं अख्ख्या देशालाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. लँड कव्हर म्हणजे जमिनीच्या अंगावर काय आहे, पाणी, झाडं, पीक, गवत, खडक, बांधकाम. लँड यूज म्हणजे माणूस तिथं करतो काय. खासबागचं मैदान घ्या, वरनं बघितलं तर मधे माती आणि भोवती बसायच्या पायऱ्या, हे झालं कव्हर. कुस्ती हा यूज, आणि तो फोटोत दिसत नाही. नकाशाच्या यादीत एका ओळीत "माती" आणि पुढच्या ओळीत "क्रीडांगण" असं मिसळलं की काम बिघडलंच म्हणून समजा, कारण तीच जागा दोन्हीकडं बसते.

मग वर्ग ठरवा. नवीन पोरं इथं पंचवीस-तीस वर्ग करून बसतात, ज्वारी वेगळी, भुईमूग वेगळा, सोयाबीन वेगळं. अरे, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १९७६ मध्ये जी वर्गवारी छापली तिच्यात वरच्या पातळीला अख्ख्या देशासाठी फक्त ९ वर्ग होते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यासाठी मी वापरतो ते असे: पाणी, बांधकाम, शेती, फळबाग (काजू, आंबा), दाट जंगल, विरळ झाडोरा, गवत, सडा (डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार), आणि उघडी माती किंवा खाण. प्रत्येक वर्गापुढं एक-दोन वाक्यांत नियम लिहून ठेवायचा, आणि तो वादाच्या जागेसाठीच लिहायचा. उदाहरणार्थ, रान मोकळं आहे पण बांध दिसतोय, तर ते शेती. घराच्या छपरावर झाडाची फांदी आलीय, तर वरनं जे दिसतं ते, म्हणजे झाड. पात्रात पाणी आटलंय आणि वाळू दिसतेय, तर काय? ठरवा आणि लिहा. दोन माणसं एकाच फोटोवर काम करत असतील तर हा कागद नसल्यामुळंच त्यांची भांडणं होतात.

सडा वेगळा का ठेवला ते सांगतो, कारण हे माझं दुखणं आहे. मसाई पठार एप्रिलमध्ये बघा, फोटोत नुसता तपकिरी, भाजलेला, काही नाही. पावसाळ्याच्या शेवटी तेच पठार हिरवं आणि फुलांनी भरलेलं. उन्हाळ्याचा एकच फोटो घेऊन बसलेला माणूस त्याला बिनधास्त "पडीक" म्हणून मोकळा होतो. आणि नकाशावर एकदा पडीक लागलं की ती जागा रिकामीच आहे असं सगळे धरून चालतात, आपल्या पश्चिमेकडच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि खाणी आहेत हे काय वेगळं सांगायला नको. म्हणून वर्गाचं नाव ठेवताना जरा जपून.

यानंतर ठरवायचं की सगळ्यात लहान तुकडा केवढा दाखवायचा. युरोपात कोरीन नावाचा लँड कव्हर नकाशा आहे, ४४ वर्ग, आणि त्यात २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा दाखवत नाहीत. २५ हेक्टर म्हणजे जवळजवळ ६२ एकर! आपल्याकडं अर्ध्या एकरात तीन भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, तो नियम इथं लावला तर शिरोळ तालुका एकाच रंगाचा होईल. उलट फार बारीक गेलात तर आयुष्य रेषा ओढण्यात जाईल. मी साधा हिशोब लावतो. नकाशा १:५०,००० चा असेल तर कागदावर ३ मिलिमीटरपेक्षा लहान चौकोन डोळ्याला नीट कळत नाही, जमिनीवर तो होतो १५० बाय १५० मीटर, म्हणजे सव्वादोन हेक्टर. त्याच्याखालचं शेजारच्या वर्गात मिसळून टाकायचं.

आता एक गंमत, जी मला कुणी शिकवली नाही, एकदा आकडेमोड करताना सापडली. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फोटोतला एक पिक्सेल, म्हणजे सगळ्यात लहान ठिपका, १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटर. म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा! लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. हे डोक्यात बसलं की कुठल्या फोटोत काय दिसेल ते लगेच कळतं. पाच गुंठ्यांचा मिरचीचा तुकडा लँडसॅटमध्ये हुडकायचा नाही, आणि घरामागचं परडं सेंटिनेलमध्ये सुद्धा नाही.

फोटो आणायचे कुठनं? ड्रोन सगळ्यांना हवा असतो, पण जरा गणित करा. कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर. एका ड्रोननं रोज एक चौरस किलोमीटर उरकला, एकही सुट्टी नाही, पाऊस नाही, बॅटरी फुगली नाही, असं धरलं तरी २१ वर्षं. देश साधारण ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, तिथं हाच ड्रोन ९,००० वर्षं उडवावा लागेल. म्हणून मोठ्या भागाचं काम थरांत करतात. सगळीकडचा पसारा उपग्रहाच्या फुकट फोटोंवर, जिथं शंका आहे तिथं विमानातनं काढलेला किंवा जास्त बारकाव्याचा फोटो, आणि अगदी मोजक्या जागी ड्रोन. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत सर्व्हे ऑफ इंडियानं ड्रोन वापरले ते सुद्धा गावठाणापुरते, शिवारासाठी नाही. तयार काय आहे ते पण आधी बघून घ्या, इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर देशाचे १:५०,००० चे लँड यूज नकाशे आहेत, २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ चे. शून्यातनं सुरू करायची हौस नको.

गुगल अर्थ वापरत असाल (सगळेच वापरतात) तर एक सांभाळा. तिथला फोटो अखंड दिसतो पण तो ठिगळं जोडलेला असतो. एखाद्या गावाच्या मधोमध सरळ रेष जाते, डावीकडं हिरवं आणि उजवीकडं तपकिरी, तर तिथं जमीन बदलत नाही, महिना बदलतो. खाली तारीख येते ती बघायची सवय लावा, आणि कॉम्प्युटरवरच्या प्रो आवृत्तीत घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुने फोटो पण दिसतात.

तारीख हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं जरा थांबूया. जून ते सप्टेंबर विसरून जा, गगनबावड्याकडं तर ढगाशिवाय काही मिळणार नाही. मग उरले आठ महिने, आणि त्यात ऊस तुमची फजिती करायला बसलेलाच. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, वर खोडवा (तुटलेल्या उसाला परत फुटलेला). म्हणजे फेब्रुवारीच्या एकाच दिवशी एकाच गल्लीतल्या चार भावांच्या रानांत चार रंग: एकाचा उभा ऊस, तुरे आलेला, वरनं पांढुरका. दुसऱ्याचा तुटलेला, पाचट पसरलेलं, फिकट पिवळं. तिसऱ्याचं पाचट पेटवलेलं, काळं, म्हणजे माझं तळं. चौथ्याची नवी लागण, लाल-काळी माती दिसतेय आणि मधनं हिरव्या रेघा. चारही शेतीच. म्हणून एका तारखेवर काम करू नका, किमान तीन घ्या: नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल-मे. तिन्ही तारखांना हिरवी ती झाडं किंवा उभा ऊस, तिन्हीला काळं-निळं ते पाणी, आणि जे दर वेळी रंग बदलतं ते बहुतेक पीक. भात नोव्हेंबरला कापून झालेला असतो, पानगळीची झाडं एप्रिलला उघडी पडतात. एवढ्यावरच निम्मं काम होतं.

पाण्याचं पण तसंच. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना पावसाळा संपल्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाच्या आधी काढतात. त्यामुळं एकाच नदीत बंधाऱ्याच्या वर तुडुंब आणि खाली खडक उघडा, आणि फोटोत नदीवर आडवी बारीक रेघ. नदीची रुंदी फेब्रुवारीच्या फोटोवरून काढली तर ती नदीची नाही, बरग्यांची काढली. आणि पुराच्या वेळचा, २०१९ किंवा २०२१ चा फोटो हाताशी आला तर तो लँड कव्हरला चुकूनही वापरू नका, पूररेषेसाठी वेगळा ठेवा.

सावल्यांचं थोडक्यात. सेंटिनेल आपल्या डोक्यावरनं सकाळी साडेदहाच्या सुमाराला जातो, डिसेंबरात तेव्हा सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, म्हणून डोंगराच्या वायव्य बाजूला गडद सावली पडते आणि ती दाट जंगल नाहीतर पाणी वाटते. राधानगरी, भुदरगडच्या डोंगरात हे हमखास होतं. उतारावर तळं साचत नाही एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका वाचतात. ड्रोन उडवायचा तर उलट दुपारी, सावल्या आखूड असताना, फक्त रंकाळ्यासारख्या पाण्यावर तेव्हा ऊन चकाकतं, तिथं थोडं आधी.

ड्रोनचा विषय निघालाच आहे तर: २०२१ च्या नियमांप्रमाणं २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, आणि उडवायच्या आधी सरकारी एअरस्पेस नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते बघायचं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, आणि त्याच्या आत तर परवानगीशिवाय नाहीच. आपला विमानतळ उजळाईवाडीला, शहराला चिकटून, तेव्हा टेरेसवरनं सोडला आणि फोटो काढला असं चालत नाही. फोटो एकमेकांवर चढले पाहिजेत, पुढच्या दिशेनं ७५ ते ८० टक्के आणि बाजूच्या ओळीवर ६५-७० टक्के. उभ्या उसावर हे सुद्धा कमी पडतं, सगळीकडं एकसारखं हिरवं आणि वाऱ्यावर पानं हलणारी, सॉफ्टवेअरला दोन फोटोंतला समान ठिपका सापडत नाही आणि जोडलेल्या चित्रात भोकं पडतात. अशा वेळी जरा उंच उडवा, वारा नसताना.

मग फोटो नकाशावर बसवणं. विमानातनं काढलेल्या फोटोत मधोमध सरळ दिसतं, कडेला गेलं की उंच गोष्टी बाहेरच्या बाजूला कलतात. म्हणून जुळवणीचे ठिपके, म्हणजे फोटोत आणि नकाशात दोन्हीकडं ओळखू येणाऱ्या जागा, घेताना देवळाचा कळस घेऊ नका, चौथऱ्याचा कोपरा घ्या. पुलाचं टोक, रस्त्यांचा चौक, विहिरीचा काठ हे बरे. झाड नको, ते वाढतं आणि तोडतात पण. कडा आणि दऱ्यांच्या भागात नुसते ठिपके जुळवून भागत नाही, उंचीचा डेटा घालून ऑर्थोफोटो (कलणं काढून नकाशासारखा सरळ केलेला फोटो) करावा लागतो, नाहीतर गगनबावड्यातलं क्षेत्रफळ चुकणारच. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फोटो नकाशावर बसवायला जिओरेफरन्सर आहे, आपल्या भागासाठी यूटीएम (मीटरमध्ये मोजायची नकाशा-पद्धत) झोन ४३ उत्तर निवडा, कोड ३२६४३. हे न करता अक्षांश-रेखांशावरच क्षेत्रफळ मोजलेलं मी बघितलंय, उत्तर आलं अंशांत, आणि त्या पठ्ठ्यानं ते हेक्टर म्हणून लिहिलं.

फोटो वाचायची कला हळूहळू येते, रंगावर फार जाऊ नका, पोत आणि शेजार बघा. काजूची बाग आणि जंगल दोन्ही हिरवंच, पण चंदगड-आजऱ्याकडं काजूचे गोल गोल घेर ओळीत बसलेले दिसतात, जंगलात लहानमोठं सगळं एकमेकांत घुसलेलं. भातखाचरं उताराच्या वळणानं जातात, उसाचे तुकडे सरळ. एक छप्पर, भोवती वाळत घातलेल्या चिपाडाचा पांढुरका पसारा, आणि सगळीकडनं ऊस, हे गुऱ्हाळघर. नदीकाठाला तांबूस चौकोन आणि शेजारी खड्डा, ती वीटभट्टी. शिरोळकडं उसाच्या मधेच पांढरट डाग आणि पीक विरळ, तर ते बांधकाम नाही, क्षारपड रान आहे. असे प्रत्येक वर्गाचे पाच-पाच छोटे फोटो कापून एका पानावर चिकटवा, हे पान पुढं फार कामाला येतं.

आता दोन रस्ते. एक म्हणजे सॉफ्टवेअरला नमुने देऊन सगळा भाग रंगवून घ्यायचा, त्यात निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा पट्टा घ्यायला विसरू नका, हिरवं पान त्यात झगझगीत दिसतं आणि पाणी एकदम काळं. यावर व्हिडिओ ढिगानं आहेत, मी परत सांगत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, ठिपक्यांचा. तुम्हाला नकाशा नको असेल, फक्त "किती टक्के शेती, किती जंगल" एवढंच पाहिजे असेल, तर रेषा ओढूच नका. क्यूजीआयएसला सांगा की या हद्दीत ५०० ठिपके कुठंही टाक. प्रत्येक ठिपक्यावर जायचं, झूम करायचं, अगदी त्या ठिपक्याखाली काय आहे ते लिहायचं. समजा २०० ठिपके शेतीवर पडले, तर शेती ४० टक्के, आणि चूक अधिक-उणे सव्वाचार टक्क्यांच्या आसपास (०.४ गुणिले ०.६ भागिले ५००, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६). चहा पीत पीत तीन-चार दिवसांत होतं. यातली भारी गोष्ट अशी की ही चूक ठिपक्यांच्या संख्येवर ठरते, जमिनीच्या आकारावर नाही. कागल तालुक्यावर ५०० टाका नाहीतर अख्ख्या भारतावर, टक्केवारी तेवढीच असेल तर चूक तेवढीच. चूक निम्मी करायची तर मात्र ठिपके चौपट, २,०००. आणि वीटभट्टीसारखी गोष्ट जी एक टक्का पण नाही, तिच्यावर पाचसुद्धा ठिपके पडणार नाहीत, तिला ही पद्धत नाही.

शेवटी चप्पल घालून बाहेर पडायचं. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात डडली स्टॅम्प या भूगोलतज्ज्ञानं देशभर जमीन वापराचा सर्व्हे केला, त्यात शाळेच्या पोरांनी नकाशे हातात घेऊन शेतंच्या शेतं पालथी घातली होती, विमानाच्या फोटोंवर नाही. आपल्याला तेवढं चालायला नको, पण प्रत्येक वर्गाच्या किमान तीस-चाळीस जागा तरी. ज्या जागा सॉफ्टवेअरला शिकवायला वापरल्या त्याच तपासायला घेऊ नका, ती कॉपी झाली. दर वर्षीची सवय म्हणून मी उसाच्या तोडणीतच जातो, टोळ्या रानात असतात, विचारायला माणूस मिळतो. कागदावर आडवं फोटोत काय दिसलं आणि उभं जमिनीवर काय निघालं असा तक्ता करा. माझ्या त्या पहिल्या तक्त्यात एकूण बरोबर ८८ टक्के आलं होतं आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, पण पाण्याच्या ओळीत बघितलं तर अकरात एक, कारण उरलेले नऊ जळके आणि एक खड्डा. एकूण आकडा बघून खूश होऊ नका, ओळीओळीनं बघा. आणि नकाशातले पिक्सेल मोजून थेट क्षेत्रफळ जाहीर करू नका, या तक्त्यावरून दुरुस्त करून मग सांगा.

एक शेवटचं. ठिपक्यांच्या यादीत प्रत्येक ठिपक्यापुढं फोटोची तारीख आणि बघणाऱ्याचं नाव, असे दोन रकाने ठेवा, आणि ठिपक्यांची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत नवीन ठिपके टाकायचे नाहीत, तेच ५०० परत बघायचे.